मनकर्णाबाईचा जामीन

मनकर्णाबाई अखेर घरात राहायला शिकली. अशी पक्की शिकली, की बाहेर काढायचं म्हटलं तर उचलून न्यावी लागली असती. झालं, संपली गोष्ट.

असलं काही घडलेलं नाही. वरचं कुणी लिहिलं आणि कुणी वाचलं, याची चौकशी नको. मनकर्णाबाई अजून बाहेरच आहे. सांडूशेठच्या धान्याच्या दुकानाच्या पत्र्यावर उताणी पडून ऊन खातेय, आणि खाली कमरोद्दीनभाई हातात पोतं घेऊन उभे आहेत. पोतं रिकामं आहे. वाद तेवढ्यावरच आहे.

मनकर्णाबाई म्हणजे मांजर. गुलमंडीच्या मागच्या बोळात याच नावाची एक भाडेकरीण राहायची. ती खोली सोडून फुलंब्रीला लेकीकडं गेली. जाताना तिनं पाटा-वरवंटा नेला, भिंतीतल्या खुंट्या उपसून नेल्या, मांजर तेवढं विसरली. मांजराला नाव नव्हतं आणि बोळात एक नाव रिकामं पडलं होतं, ते बोळानं मांजराला लावून टाकलं. जेवायला आणि आजारी पडायला ती बद्रीनाथच्या घरी यायची, म्हणून ती बद्रीनाथची. बाकी वेळ ती कुणाची होती हे बद्रीनाथला माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही त्याचा बद्रीनाथला संशय यायचा.

संशय हा त्याचा पोटापाण्याचा धंदाच होता. गुलमंडीतल्या एका कापड दुकानात त्यानं हयातभर दाराशी स्टुलावर बसून बाहेर जाणाऱ्या गिऱ्हाइकांच्या पिशव्यांवर नजर ठेवली. नोकरी सुटली, नजर राहिली. दुकान नाही म्हटल्यावर ती घरावर पडली. एकदा त्याचा पितळी अडकित्ता सापडेना. त्यानं बायकोला, आशाबाईला, विचारलं, "तुझा भाऊ कवा गेला वैजापूरला?" एवढंच विचारलं. पुढं धुण्यात अडकित्ता निघाला, बद्रीनाथच्याच बंडीच्या खिशातून. आशाबाईनं तो त्याच्या ताटात वाढला, भाकरीच्या शेजारी, आणि त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

म्हणजे घर गप्प झालं असं नाही. आशाबाई मांजराशी बोलायची.

"मनकर्णे, रॉकेल संपलंय म्हणावं."

"आणतो म्हणावं," बद्रीनाथ मांजराकडं बघून म्हणायचा.

"मनकर्णे, कालबी आणतोच म्हणले होते."

मांजर दोघांच्या मधे बसून पंजा चाटायचं. निरोपात त्यानं कधी फेरफार केला नाही, कुणाची बाजू घेतली नाही. दोन वर्षं संसार असा सुरळीत चालला होता. मात्र मांजर गेलं, तर या घरात पुन्हा शब्द उमटणार नाही, हे बद्रीनाथला पक्कं ठाऊक होतं. माफी मागून मोकळं होता आलं असतं. पण माफी मागायची म्हणजे आपला संशय चुकू शकतो असं कबूल करायचं, आणि मग स्टुलावर काढलेल्या उभ्या जन्माचं काय करायचं?

तर कमरोद्दीनभाई पोतं घेऊन उभे होते. बोळाच्या टोकाला त्यांच्या गच्चीवर कबुतरं होती. पोलीस ॲक्शनच्या आधीपासूनची, निजामाच्या काळातली नस्ल आहे, असं ते सांगत, आणि कबुतरंही तशा तोऱ्यात चालत.

"बद्रीभाऊ, मेरा नवाब गया, डाव्या पंखात एकच सफेद परवाला," ते म्हणाले. "शहजादी अंड्यांवर बसलीय अन् तिचा नवराच गायब. ही तुमची बिल्ली बघा कशी झोपलीय. पोट भरल्याबिगर असं कुणी झोपतं का?"

"तुमीबी दुपारचं असंच झोपता. मी कवा तुमच्या पोटाचा पंचनामा केला?"

"पत्र्यावर पीस सापडलं."

"पीस तर तुमच्या टोपीवरबी हाय."

कमरोद्दीनभाईंनी टोपी काढली, पीस उजेडात धरून बघितलं, नवाबचं नाही अशी खात्री केली आणि खिशात ठेवलं. "वो अलग बात है. हिला पोत्यात घालतो अन् वैजापूरच्या मोंढ्यात सोडून येतो. तिथं धान्य लई, उंदीर लई. मजेत राहील."

बद्रीनाथनं पोत्याचं एक टोक धरलं. कमरोद्दीनभाईंनी दुसरं सोडलं नाही. तसेच ते दोघं पोतं ताणून धरत आप्पासाहेबांच्या ओट्यावर गेले.

बोळातली भांडणं या ओट्यावर तुटत. आप्पासाहेब निजामाच्या वेळी मुन्सफ कोर्टात पेशकार होते, म्हणजे मुन्सफापुढं कागद ठेवायचे आणि वाचून दाखवायचे. पोलीस ॲक्शन झाली, कोर्टाची भाषा बदलली, मुन्सफही बदलला. आप्पासाहेब पेन्शन घेऊन ओट्यावर बसले आणि इतकी वर्षं दुसऱ्यानं दिलेले फैसले आता स्वतः देऊ लागले. त्यांच्यापुढं तोंडी बोलायचं तरी अर्जाच्या भाषेत बोलावं लागे. साधं बोललं तर त्यांना ऐकू येत नसे.

दोन्हीकडचं ऐकून त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा फैसला तयार होता आणि आरोपीचा मुलजीम झाला होता.

"मुलजीम मांजर, शहजादीची पिल्लं अंड्यातून निघून उडती होईस्तोवर बद्रीनाथच्या घरी नजरबंद राहील. मधे एकदा जरी बोळात दिसली, तर पोतं आणि वैजापूर. न दिसली तर गुन्हा माफ. जामीन कोण राहतंय?"

बद्रीनाथ पुढं झाला. जामीन राहायचं म्हणजे काय काय करायचं, हे त्यानं विचारलं नाही. जन्मभर जिथंतिथं संशय घेतला आणि जिथं घ्यायचा तिथं नेमका विसरला.

मनकर्णाला घरात घेतलं, दाराला कडी लावली, रस्त्याकडच्या खिडकीला जाळी ठोकली. मांजरानं हे सगळं बसून बघितलं. मग ते दारापाशी गेलं आणि नेहमीच्या आवाजात म्यांव म्हणालं, म्हणजे उघडा. दार उघडलं नाही. मग त्यानं जो आवाज काढला, तो ऐकून शेजारची आवडाबाई दोनदा येऊन आशाबाई धडधाकट आहे ना ते बघून गेली.

घमेल्यात वाळू भरून कोपऱ्यात ठेवली होती. मनकर्णानं वाळू हुंगली, बद्रीनाथकडं बघितलं, पुन्हा वाळूकडं बघितलं. घरात नदी आणणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असणार, असं तिला वाटलं असावं. तिनं आपलं काम बद्रीनाथच्या चपलेत उरकलं.

"मनकर्णे, लई हुशार गं तू," आशाबाई म्हणाली. "पण सांडूशेठच्या दुकानामागं तुझी नेहमीची जागा हाय, तिथली ओंजळभर माती कुणी या वाळूत मिसळली असती, तर बिचाऱ्याची चप्पल वाचली असती."

बद्रीनाथ एका पायात चप्पल घालून माती आणायला गेला. माती मिसळली, आणि चप्पल खरोखर वाचली. आशाबाईला हे कसं कळलं, याचा त्याला संशय आला. पण विचारायचं कुणामार्फत, तर मांजर घमेल्यात होतं.

मग घर हळूहळू मांजराच्या कलानं घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे आशाबाईनं मांजराला सांगितलं आणि बद्रीनाथनं ऐकलं. गादीवर नखं मारायला लागली, तेव्हा पलंगाच्या पायाला तरट गुंडाळलं. पत्र्यावर बसणारं जनावर जमिनीवर कसं रमेल, म्हणून खिडकीशी ट्रंकेवर ट्रंक चढवून वर गोधडी घातली. अंगातली रग जिरावी म्हणून दोऱ्याला पीस बांधून ते तिच्यापुढं नाचवायचं ठरलं. पिसं कमरोद्दीनभाईंच्या गच्चीखाली मुबलक पडलेली असत. बद्रीनाथ तिथून जाता जाता सहज वाकायचा, पीस बंडीत सरकवायचा आणि आभाळाकडं बघत चालू लागायचा. कुणी असं चाललं असतं, तर दुकानाच्या दारात त्यानंच त्याला धरलं असतं.

"बद्रीभाऊ," वरून आवाज आला. "परं कायकू जमा करायले?"

"मांजराला खेळायला."

कमरोद्दीनभाईंनी कठड्यावरून वाकून त्याची बंडी बघितली. "बिल्ली आत, तरीबी कबुतरांची परं तुमच्याच घरात जायलीत. मला हिसाब लागंना."

त्या दिवसापासून बद्रीनाथ खालून जाऊ लागला, की कमरोद्दीनभाई वर मोठ्यानं कबुतरं मोजायला लागत.

इथवर ठीक होतं. पण मांजर आत गेल्यावर बोळात ठिकठिकाणी तिची जागा रिकामी पडली आणि ज्यांच्या ज्यांच्या इथं पडली, ते ओट्यावर आले.

पहिले सांडूशेठ आले. "अर्जदाराच्या दुकानी मुलजीम रोज सकाळी पत्र्यावरनं उतरून पोत्यांमधून एक चक्कर मारीत असे. आता उंदीर माझ्यादेखत हरभरा खायलेत. एक तर माझ्याकडं बघत खातो."

दुसरी आली शमशादभाभी, खुद्द कमरोद्दीनभाईंची बायको. ओढणी सावरत ती म्हणाली, "मैं रोज पिछले दरवाजे पे बिल्लीसाठी बशीभर खिमा ठेवत होते. आता बशी तशीच राहती, अन् घरात विचारतेत, हे कुणाला?"

कमरोद्दीनभाई तिथंच होते. "माझ्या घरात? माझ्या खिम्यातला?"

"पोट भरलेली बिल्ली कबुतराकडं बघत नाय. इतकी साल तुमची कबुतरं कुणी सांभाळली, तुमी?"

"हा मुद्दा तहकूब," आप्पासाहेब घाईनं म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. या वेळी जरा जास्त वेळ मिटले. "मुलजीम नजरबंद आहे, तिला हजर राहता येत नाही. तेव्हा तिच्या ठायी जामीनदारानं हजर राहावं. जामीन म्हणजे तेच."

"असं कुठं असतं?" बद्रीनाथ म्हणाला.

आप्पासाहेबांना ऐकू आलं नाही.

"सदर रिवाज कोणत्या कोर्टातला, याचा खुलासा व्हावा," बद्रीनाथनं सुधारून विचारलं.

"आमच्या वेळच्या," आप्पासाहेब म्हणाले. ते कोर्टच आता राहिलं नव्हतं, त्यामुळं खात्री कुठं करायची?

असा बद्रीनाथ मांजराच्या फेऱ्या करू लागला. सकाळी सांडूशेठच्या दुकानात पोत्यांमधे बसायचा. त्याच्या नजरेपुढून कधी रुमाल चोरीला गेला नव्हता, हरभरा कसा जाईल? तो उंदराकडं नुसता बघायचा. उंदीर आपल्या पोटाशी काही लपवलंय की काय असं स्वतःच चाचपून बघत बिळात जायचा. दुपारी शमशादभाभीच्या मागच्या दारातून खिम्याची बशी घ्यायचा आणि घरी मांजराला पोचवायचा. त्यानंतर आपल्याच घराच्या खिडकीसमोरच्या बुटक्या भिंतीवर बसून ऊन खायचं. ऊन कशाला, असा अर्ज त्यानं करून बघितला होता. मांजर रोज खायचं, तेव्हा वहिवाटीत काटछाट होणार नाही, असा फैसला आला.

घरी परतला, की मनकर्णा दारातच त्याला अडवायची. हरभरा, खिमा, भिंतीवरचा चुना, रस्त्यात भेटलेलं कुत्रं, सगळं त्याच्या धोतरावर हुंगून घ्यायची. बंडीचे खिसे दोनदा. काहीच लपवलेलं नाही अशी खात्री पटली, की त्याला आत सोडायची आणि ट्रंकेवर जाऊन झोपायची. बाहेरची बातमी रोज घरपोच मिळायला लागल्यावर तिचं दाराशी ओरडणं कमी झालं, मग थांबलं. दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचा संशय घ्यायचा, हे काम तिला फारच मानवलं. बद्रीनाथला आपली जागा भरली गेल्यासारखं वाटलं.

एका दुपारी तो भिंतीवर बसला होता, तर जाळीमागून आवाज आला.

"चहा टाकू का?"

बद्रीनाथनं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. मनकर्णा ट्रंकेवर झोपली होती, तिचा कान गोधडीत दुमडला होता.

"कुणाला म्हणली?" त्यानं विचारलं.

"भिंतीवर दुसरं कोण बसलंय?" आशाबाई म्हणाली. तिनं दार बोटभर उघडून कपबशी उंबऱ्याबाहेर सरकवली आणि मांजर यायच्या आत दार लावून घेतलं. "प्या. अन् पाय वर घ्या, सायकल यायलीय."

त्यानं पाय वर घेतले. चहा प्यायला. साखर बरोबर होती, यानं तर संशय अधिकच वाढला. कप घेऊन तो घरात गेला.

"मनकर्णे," आशाबाई भाकरी थापत म्हणाली, "कप इसळून ठेवा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी त्यानं पडताळा घेतला. भिंतीवर बसला, तर ती बोलली. घरात गेला, तर मांजराशी बोलली. पुन्हा बाहेर आला.

"आत-बाहेर काय चाललंय तुमचं?" ती जाळीतून म्हणाली. "एक जागी बसा की."

आधी त्याला वाटलं, जाळीतून आपण तिला दुसराच कुणी दिसत असू. मग वाटलं, तिला काहीतरी मागायचं असेल. पण ती काही मागत नव्हती. भाजी महागली म्हणायची, भावाला तिसरी मुलगी झाली म्हणायची, तुमचं कपाळ भाजलंय, उद्या टोपी घालून बसा म्हणायची. बऱ्याच दुपारी गेल्यावर बद्रीनाथचा तपास एकाच जागी येऊन थांबला. आशाबाईनं अबोला धरला होता तो घरातल्या नवऱ्याशी. भिंतीवरच्या माणसानं तिच्या भावावर कधी आळ घेतला नव्हता.

त्यानंतर तो भिंतीवर ऊन यायच्या आधीच जाऊन बसू लागला.

भिंतीवरून आभाळ मोठं दिसायचं. पलीकडच्या मोहल्ल्यातला कबुतरांचा थवा रोज तिथून वळण घ्यायचा. एका दुपारी त्या थव्यात मानेवर निळी झाक आणि डाव्या पंखात एकच पांढरं पीस असलेला एक नर बद्रीनाथला दिसला. नवाब. चांगला गुटगुटीत झाला होता. त्याला कुणी खाल्लं नव्हतं. तो दुसऱ्याच्या थव्यात गेला होता.

बद्रीनाथनं मान खाली केली, तर गच्चीवरून कमरोद्दीनभाईही आभाळातून नजर काढत होते. मांजरानं कबुतर खाल्लं तर माणूस चार लोकांत हळहळू शकतो; कबुतर आपल्या हातचे दाणे सोडून दुसऱ्याकडं गेलं, तर कबुतरवाल्याला चार लोकांत तोंड दाखवायची सोय राहत नाही. कमरोद्दीनभाईंना कधीपासून माहीत होतं, याचा बद्रीनाथला संशय आला. इकडं आता बोललो, तर मांजर आजच सुटेल आणि उद्यापासून आपण भिंतीवर कशासाठी बसायचं, हेही त्याच्या ध्यानात आलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"काय दिसायलंय, बद्रीभाऊ?"

"काय नाय. तुमाला?"

"आभाळ."

"व्हय. लई हाय आज."

कमरोद्दीनभाईंनी त्या दिवशी कबुतरं मोजली नाहीत.

शहजादीच्या पिल्लांना पंख फुटू लागले, तसा बद्रीनाथ गच्चीखालून जाताना हळू चालू लागला, जणू आपल्या पावलांनी ती लवकर उडतील. पण पिल्लांना कुणाचा जामीन नव्हता. एका सकाळी दोन्ही उडाली, सांडूशेठच्या पत्र्यावर बसली आणि परत गच्चीवर गेली. कमरोद्दीनभाईंनी स्वतः ओट्यावर येऊन गवाही दिली आणि पोतं घडी घालून काखेत धरलं. गुन्हा माफ झाला.

आप्पासाहेब ओट्यावरून उठून बद्रीनाथच्या दारापर्यंत चालत आले. असा मान त्यांनी माणसांनाही क्वचित दिला होता. अख्खा बोळ मागं उभा राहिला. बद्रीनाथनं कडी काढली.

मनकर्णा उंबऱ्यापर्यंत आली. तिनं सांडूशेठकडं बघितलं, शमशादभाभीच्या हातातल्या बशीकडं बघितलं, मग सगळ्या बोळाकडं डोळे बारीक करून बघितलं, जणू एवढ्या लोकांच्या पिशव्या आता कोण तपासणार. मग वळली, घमेल्यात जाऊन आली आणि ट्रंकेवर चढून लवंडली. शमशादभाभीनं बशी उंबऱ्यावर ठेवली.

"मुलजीम बरी," आप्पासाहेब म्हणाले, म्हणजे निर्दोष सुटली. "जामीनदार मोकळा. बद्रीनाथ, फेऱ्या संपल्या. जा घरी."

"म्हणजे माझ्या हरभऱ्याचं काय?" सांडूशेठ म्हणाले. त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

बद्रीनाथ दार आणि भिंत यांच्या मधे उभा होता. खिडकीत आशाबाई होती. तिनं त्याच्याकडं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग मान वळवून ट्रंकेकडं बघत म्हणाली, "मनकर्णे, या म्हणावं घरात. सैपाक झालाय."

मांजरानं निरोप घेतला. बद्रीनाथनं तो ऐकला. घरात जायला त्याला चार पावलं होती. त्यानं ती उलटी टाकली, भिंतीवर चढून आपल्या जागी बसला, टोपी नीट केली आणि आप्पासाहेबांना ऐकू जाईल अशा भाषेत बोलू लागला.

"मेहेरबान हुजुरांच्या सेवेशी. अर्जदार बद्रीनाथ, राहणार सदर बोळ, सविनय अर्ज करतो ऐसाजे. मनकर्णाबाई मांजर हिनं घराबाहेरील वहिवाट राजीखुशीनं सोडली असल्याकारणानं तिच्या कब्जातील सांडूशेठ यांचे दुकान, शमशादभाभी यांचे मागील दार व अर्जदाराच्या खिडकीसमोरील भिंत, तिजवरील दुपारच्या उन्हासह, अर्जदाराच्या नावे कायम करण्यात यावी. तसेच अर्जदारास येथून पुढे घरातला न धरता बाहेरचा धरण्यात यावे, व सदर खिडकीतून अर्जदाराशी मांजराच्या मध्यस्थीविना बोलण्यास कोणतीही हरकत नसल्याची समज अर्जदाराच्या पत्नीस देण्यात यावी, ही विनंती."